वारंवार बंद पडणारा ब्लोअर

२ एप्रिल, सकाळ

आजपासून ब्लोअरचं प्रकरण मी स्वतः हातात घेतलं आहे.

हॉलमधल्या एसीचा ब्लोअर मध्येच बंद पडतो. मग आपोआप चालू होतो. मग पुन्हा बंद. हा तमाशा साधारण मी रिटायर झालो तेव्हापासून चालू आहे. यावरून एकच निष्कर्ष निघतो. मी ऑफिसात असताना या घरात मेंटेनन्सकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. मी घरी बसलो आणि दोष उघडकीला आला.

सौ. म्हणते मेकॅनिकला बोलवा. कशाला? पत्रव्यवहार विभागाचा प्रमुख म्हणून ऑफिसच्या सगळ्या एसींच्या तक्रारींची पत्रं मीच काढली. एसीला काय काय होऊ शकतं, हे माझ्याइतकं कुणी लिहिलेलं नाही.

मुदत २८ तारीख. त्या दिवशी कन्या नोकरीसाठी जाते आहे, चांगली विमानाने जाण्याइतकी लांब. पोरीने जाताना घर चालू स्थितीत बघून जावं. बाप रिकामा बसलेला नाही, हे तिला दिसावं.

चहाच्या वेळी निश्चय जाहीर केला. सौ. म्हणाली, अहो, तो बंद पडत नाही. मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, ‘वारंवार बंद पडतो’ असं म्हण. क्रियापद चुकलं की अख्खं पत्र चुकतं, हे मी सेक्शनला जन्मभर शिकवलं. ती पुढे काहीतरी म्हणणार होती, बहुधा चूक कबूल करणार होती. पण मी क्रियापदाचा मुद्दा जरा सविस्तर घेतला, तोवर ती स्वयंपाकघरात निघून गेली.

अण्णा त्यांच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. माझे वडील, कानाने अधू. मशीन लावूनही त्यांना अर्धंच कळतं. त्यांना यात विचारण्यासारखं काही नाही.

३ एप्रिल, दुपार

मॅन्युअल काढलं. लिहिणाऱ्याला भाषेचा गंध नाही. एकाच पानावर दोनदा ‘कृपया’. तरी कामाचं तेवढं उचललं: फिल्टर साफ करा.

केला. फिल्टर काढताना एक क्लिप तुटली. मुळातच हलक्या प्रतीची असणार. फिल्टर धुताना बाथरूममध्ये जी काळी धार वाहिली ती बघून सौ.ला म्हटलं, बघ, हेच कारण. ती म्हणाली, मी दर महिन्याला धुते. मग ही धार कुठून आली, असं विचारल्यावर म्हणाली, तुम्ही फिल्टर गच्चीत आपटलात तेव्हाची ती माती आहे.

वाद घातला नाही.

फिल्टर बसवला, सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि हवा आत कशी येते, गाळली कशी जाते, थंड कशी होते, हे पहिल्यापासून समजावून सांगितलं. संपूर्ण वेळ ब्लोअर अखंड चालू. प्रकरण निकालात. मेकॅनिकने याचंच घसघशीत बिल लावलं असतं.

३ एप्रिल, संध्याकाळ

बंद पडला.

कन्या तिच्या नव्या जागेबद्दल अण्णांना सांगत होती. खोली कशी आहे, बरोबरची मुलगी कोण आहे, असल्या गप्पा. मी पाणी प्यायला आत गेलो, तेवढ्यात हा प्रकार. बाहेर येऊन म्हटलं, अरे, हा पुन्हा बंद कसा? म्हणेपर्यंत चालू.

मला चिडवतंय मशीन.

६ एप्रिल

मोठा शोध! ब्लोअर बंद पडण्याआधी मशीन बीप वाजवतं. चालू होण्याआधीसुद्धा.

ही सांकेतिक भाषा आहे. आधुनिक मशीन स्वतःचा आजार स्वतः सांगतं, ऐकणारा हवा. या घरात माझ्याखेरीज तो आहे कोण? मॅन्युअलमध्ये एका बीपचा अर्थ शोधला. दिलेलाच नाही! मागच्या पानावर कस्टमर केअरचा नंबर आहे, त्यांना फोन केला. बाई म्हणाली, सर, रिमोटचं बटण दाबलं की बीप वाजतं. मी तिला शांतपणे सांगितलं, बाई, रिमोट माझ्या खिशात आहे. ती म्हणाली, मग दुसरा रिमोट असेल. दुसरा असता तर! जुना गेल्या वर्षी हरवला. सौ.ने आणि कन्येने अख्खा सोफा उलटा केला, मी देखरेख केली, तरी नाही मिळाला. म्हणून हा नवीन आणला. तो मी कुणाच्या हातात देत नाही, झोपताना उशाशी घेतो. एवढं सगळं तिला सांगितलं तर तिने गाणं लावून दिलं.

अण्णांनी आज आपणहून एक गोष्ट सांगितली. म्हणाले, ती घरघर सुरू झाली की माणसांचं काही कळत नाही रे.

घरघर! म्हणजे बेअरिंग. म्हाताऱ्याला तांत्रिक काही समजत नाही, पण लक्षण अचूक पकडलं. लगेच शिवणाच्या मशीनचं तेल आणून वरच्या फटीतून सोडलं. आत किती गेलं ते सांगता येत नाही. भिंतीवर बरंच आलं. तिथे कॅलेंडर लावलं आहे, बरं दिसतं.

८ एप्रिल

साडूचा फोन. सौ.ने बहिणीला सांगितलं असणार, घरातली बातमी बाहेर पोचायला दुसरा रस्ता नाही. साडू स्वतःला इंजिनीअर म्हणवतो. आहेही, पण पुलांचा. पुलाला ब्लोअर असतो का?

तरी सल्ला दिलाच. म्हणाला, कुणी चुकून बंद करत नाही ना, ते आधी बघा. उंटावरचा शहाणा! घरात माणसं किती? सौ., कन्या, अण्णा आणि मी. सौ. आणि कन्येकडे रिमोट नाही. अण्णा मांडीवर पेपर धरून बसलेले असतात, तेही तासन्तास एकाच पानावर. आता वाचायचा वेगही गेला बिचाऱ्यांचा. उरलो मी. मी काय स्वतःच बंद करून स्वतःच शोधतोय?

साडूला म्हटलं, व्होल्टेजचा प्रश्न आहे, स्टॅबिलायझर मागवलाय. मागवला नव्हता. आता मागवावा लागेल.

१० एप्रिल

स्टॅबिलायझर लागला. त्याचा स्वतःचा एक हूं असा आवाज आहे. अण्णांनी विचारलं, हे आणखी काय आणलंस? मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, तुमच्यासाठी आणलं! ते म्हणाले, कशासाठी?

कालपासून एक गोष्ट माझ्या लक्षात येते आहे. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी श्रेय लाटायला नको. मी हॉलमध्ये बोलत असलो की ब्लोअर बंद पडत नाही. मी गेलो, किंवा मध्येच थोडा थांबलो आणि बायकांची बडबड सुरू झाली, की पडतो.

याला वचक म्हणतात. सेक्शनमध्येही असंच होतं. मी खोलीत असेपर्यंत सगळे माना खाली घालून कामात. मी बाहेर पडलो की खिदळणं ऐकू येई. यंत्रालासुद्धा कुणीतरी लक्ष ठेवून आहे हे कळत असणार. शास्त्राने अजून याचा विचार केलेला नाही एवढंच.

११ एप्रिल

प्रयोग केला. एसीसमोर खुर्ची टाकून मॅन्युअल मोठ्याने वाचलं, पहिल्या पानापासून. ब्लोअर अखंड. मॅन्युअल संपलं म्हणून जपून ठेवलेल्या जुन्या परिपत्रकांची फाइल काढली. कार्यालयात छत्र्या ठेवण्याविषयीचं, मग दुपारच्या सुट्टीत खुर्च्या न हलवण्याविषयीचं. काय मराठी आहे! असं आता कुणी लिहीत नाही.

सौ. चहाचा कप घेऊन आत गेली. तिच्यामागे कन्या. जाता जाता सौ. पुटपुटली, गाढवापुढे वाचली गीता. मशीनला गाढव म्हणणं बरोबर नाही.

अण्णा मात्र बसून राहिले. त्यांनी कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. बॅटरी जपून वापरतात, पहिल्यापासून काटकसरी.

निष्कर्ष पक्का. माझ्या आवाजाने चालतो. कारण शोधायचं आहे. बहुधा कंपनं.

१४ एप्रिल

घरभेद! सौ.ने मला न विचारता मेकॅनिकला बोलावलं. आला तो मला काका म्हणाला. मी रिटायर आहे, म्हातारा नाही.

त्याला केसची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली: फिल्टर, बीप, घरघर, व्होल्टेज, वचक. ब्लोअर अर्थातच चालू. मेकॅनिक म्हणाला, काका, दोन मिनिटं जरा थांबा, मला मशीनचा आवाज ऐकू द्या. मी म्हटलं, तू ऐक, मी सांगतो. त्याने झाकण उघडलं, टॉर्च मारला, बोटं फिरवली. म्हणाला, काही नाही, फक्त आत तेल आलंय कुठूनतरी, ते पुसतो.

काही नाही म्हणे! शिकलाय कुठे कोण जाणे.

मग सौ.ने त्याला चहा दिला आणि चौकशी सुरू केली. कुठला, घरी कोण कोण, मुलं काय करतात. तो पठ्ठ्या चहा सोडून धाकटीच्या खोड्या सांगायला बसला. शेजारच्यांच्या कोंबडीला तिने हातरुमालाची टोपी घातली होती म्हणे. कन्या हसते आहे, अण्णासुद्धा मान हलवून हसताहेत. आणि बीप! ब्लोअर बंद!

त्याच्या डोळ्यांदेखत. मी म्हटलं, काय रे, काही नाही ना? काही नाही? तोच बीप वाजलं आणि पुन्हा चालू झाला. मेकॅनिक कप खाली ठेवून डोकं खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं असेल. कार्ड बदललं. मी जिंकलो.

जाताना अण्णांनी त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, मग कोंबडीचं पुढे काय झालं? बिघाड समोर दिसत असताना ह्यांना कोंबडी पडलीय.

१६ एप्रिल

नवीन कार्डावर ब्लोअर जुन्या कार्डाइतकाच बंद पडतो. मेकॅनिकला फोन केला, उचलत नाही.

आज कन्या अण्णांच्या खुर्चीपाशी खाली बसून, त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश काहीतरी सांगत होती. तिला म्हटलं, कशाला घसा कोरडा करतेस, तिकडे गेलीस की रोज फोन कर ना त्यांना. तिने अण्णांच्या कानातल्या मशीनकडे बोट केलं. मग आठवलं, अण्णांनी फोन घेणं केव्हाच सोडलं आहे, त्यावरचं काही कळत नाही म्हणून. बरं, मग मी घेईन फोन आणि त्यांना सांगेन. तोडगा निघतो, माणसाने डोकं शांत ठेवावं. हे मी सांगत असताना ब्लोअर छान चालला.

नवी योजना: माझा आवाज फोनवर रेकॉर्ड करून हॉलमध्ये लावून ठेवायचा. मी घरात नसलो तरी मशीनला वचक राहील. विषय कोणता घ्यावा?

१७ एप्रिल

विषय घेतला ‘घरातील विजेची बचत’. सौ.च्या फोनवर रेकॉर्ड केला, एसीखाली टेबलावर लावून बाजारात गेलो. मुद्दाम रमतगमत परत आलो.

दार उघडायच्या आधीच आतून हसण्याचा आवाज. अण्णांचा! अण्णा एवढ्या मोठ्याने हसतात हे मी विसरलोच होतो. आत गेलो तर रेकॉर्डिंग बंद. फोन उशीखाली. हॉल गरम, खिडक्या उघड्या, ब्लोअर बंद, आणि कन्या उभं राहून कुणाची तरी नक्कल करते आहे. मला बघितल्याबरोबर ती खाली बसली. मी विचारलं, कुणाची नक्कल चालली होती? कुणाचीच नाही म्हणाली.

मी बोलायला सुरुवात केली मात्र, बीप! ब्लोअर चालू! नुसतं मला बघून! रेकॉर्डिंगचा प्रयोग फसला असं म्हणता येणार नाही. उलट प्रत्यक्ष उपस्थितीला पर्याय नाही, हे सिद्ध झालं.

१९ एप्रिल, रविवार

साडू सपत्नीक आला. निमित्त कन्येला भेटायचं, खरा डोळा ब्लोअरवर.

मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ब्लोअर खाडखाड चालू. साडू म्हणाला, उत्तम चालतोय की! मी म्हटलं, माझ्यामुळे. मग साडूने कन्येला तिच्या कामाबद्दल विचारलं आणि ती सांगू लागली. बीप. बंद. मी म्हटलं, बघा! बीप. चालू. साडूने मान तिरकी केली. मला हाताने थांबवलं आणि कन्येला म्हणाला, हं, पुढे सांग. बीप. बंद. मी म्हटलं, आता याची तांत्रिक बाजू अशी आहे, बीप, चालू.

साडू एकदम खोकायला लागला. त्याची बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पाणी देऊनही साडूचा खोकला थांबेना. डोळ्यांतून पाणी. तब्येत सांभाळत नाहीत हे लोक.

निघताना दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, साडूभाऊ, एकदा गप्प बसून बघा.

हा काय टोमणा? पूल बांधणारा मला गप्प बसायला सांगतो! आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. स्वतः तर जेवताना एका श्वासात बोलत होता.

२२ एप्रिल

फार झालं. निर्णय घेतला: हे मशीन काढून टाकायचं. नवीन मागवलं आहे. साधं घरगुती नाही, दुकानांत बसवतात ते. दुकानदाराने विचारलं, घराला एवढं कशाला, आवाज फार करतं हे. म्हटलं, करू दे. बंद पडत नाही ना? तो म्हणाला, भिंतीवरच्या बटणावर चालतं, रिमोट नाही, एकदा लावलं की दिवसभर बघायला नको. हेच हवं होतं. २७ला येऊन बसवणार, म्हणजे कन्या निघायच्या आदल्या दिवशी. मुदत पाळली.

घरात आनंद होईल असं वाटलं होतं. कन्या म्हणाली, बाबा, प्लीज नको. सौ. तर चक्क भडकली. म्हणाली, अहो, किती वेळा सांगू, तो बंद पडत नाही, बंद... मी म्हटलं, झालं तुझं पुन्हा क्रियापद! एवढं साधं वाक्य तुला पूर्ण करता येत नाही. ती म्हणाली, पूर्ण करू देता कुठे?

या गोंधळात अण्णा काठी टेकत उठले. ते सहसा उठत नाहीत. म्हणाले, अरे, ते मोठं यंत्र नको रे. निदान पोरगी जाईपर्यंत तरी नको. मी कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं, अण्णा, तुम्हालाच गार वाटेल! ते म्हणाले, मला गार नको. मग काय हवं, असं विचारणार होतो, पण तेवढ्यात पत्ता विचारायला दुकानदाराचा फोन आला.

म्हातारपणी बदल नको वाटतो. समजून घ्यायला हवं. ऑर्डर कायम.

२५ एप्रिल

सामान बांधणं चालू. दोन सुटकेसा हॉलमध्ये. मी पॅकिंगची पद्धत समजावून सांगितली. पद्धतीप्रमाणे भरल्यावर सुटकेस बंद होईना. सौ.ने सगळं उपसून पुन्हा भरलं, बंद झाली. वजन जास्त भरणार बघा.

साडूचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. गप्प बसून बघा म्हणे. ठीक. जुनं मशीन परवा जाणारच आहे. उद्या संध्याकाळी मी मुद्दाम गप्प बसणार. ब्लोअर तरीही बंद पडेल, आणि कसा पडतो ते शांतपणे बघून साडूच्या तोंडावर मारीन.

२६ एप्रिल, संध्याकाळ

अक्षर वाकडं येतंय. पेन खराब आहे.

ठरल्याप्रमाणे हॉलमध्ये बसलो, पुस्तक घेऊन, तोंड बंद. फार कठीण गेलं. सौ. भाजी निवडत होती. कन्या अण्णांच्या पायाशी. ब्लोअर चालू होता, कारण तोपर्यंत मी गप्प का बसणार आहे, हे सगळ्यांना समजावून सांगत होतो. मग थांबलो. सगळे माझ्याकडे बघत होते, मी पान उलटलं.

मग कन्या बोलू लागली. बीप. बंद.

मी पुस्तकावरून डोळे वर केले. अण्णांच्या मांडीवरच्या पेपरचा कोपरा उचललेला होता. त्याखालून त्यांचा हात बाहेर. हातात जुना रिमोट. मागचं झाकण नव्हतं, रबरबँड लावला होता. रोख एसीकडे.

मी गप्प राहिलो. आता साडूला दाखवण्यासाठी नाही.

घरघर थांबल्यावर हॉलमध्ये केवढी शांतता होते, हे मला माहीत नव्हतं. कन्या विचारत होती, अण्णाआजोबा, तुम्ही पहिल्यांदा नोकरीला गेलात तेव्हा भीती वाटली होती का? अण्णा म्हणाले, वाटली तर! पहिल्या संध्याकाळी खोलीत बोलायला कुणी नव्हतं. घरमालकाचं मांजर होतं, त्यालाच दिवसभराचं सगळं सांगितलं. ते झोपून गेलं. ती हसली. ते म्हणाले, आणखी काय असेल ते विचार, बोल, तुझं फोनवरचं मला काही कळणार नाही. जे आहे ते जायच्या आत बोलून घे.

ही मांजराची गोष्ट मला कधी कुणी सांगितली नाही. सांगितली असेल तर मी तेव्हा काहीतरी बोलत असेन.

बऱ्याच वेळाने मी उठून अण्णांसमोर उभा राहिलो. बोट रिमोटकडे केलं. ते अजिबात दचकले नाहीत. म्हणाले, गादीखाली सापडला होता मला. त्या घरघरीत पोरीचं काही ऐकू येत नाही, म्हणून बंद करतो. मी म्हटलं, पण बीप वाजतं! अण्णा म्हणाले, बीप वाजतं होय? मला कुठे ऐकू येतंय!

मी सौ.कडे बघितलं. ती भाजीतून मान वर न करता म्हणाली, बंद पडत नाही, बंद करतात. झालं पूर्ण वाक्य.

क्रियापद बरोबर होतं.

मग विचारायला नको होतं ते विचारलं. म्हटलं, अण्णा, बंद तुम्ही करता ते कळलं. मग पुन्हा चालू कोण करतं? ते म्हणाले, मीच. विचारलं, कधी? अण्णांनी कन्येकडे बघितलं, कन्येने सौ.कडे, सौ.ने भाजीकडे.

अण्णा म्हणाले, तू बोलायला लागलास की.

२७ एप्रिल

दुकानदाराला नको म्हणून कळवलं. कारण विचारलं त्याने. तांत्रिक आहे म्हटलं.

दिवसभर हॉलमध्ये गेलो नाही. तोंडात शब्द आला की आपोआप एसीकडे नजर जाते. संध्याकाळी आतल्या खोलीत बसलो होतो. बाहेर ब्लोअर बंद होता आणि ती दोघं बोलत होती. भिंतीतून शब्द कळत नव्हते, नुसते आवाज येत होते. मी ऐकत बसलो.

२८ एप्रिल

गेली. सुटकेसचं वजन बरोबर भरलं.

निघताना वाकून अण्णांच्या कानाशी काहीतरी म्हणाली. काय ते मी विचारलं नाही. अण्णांनी सांगितलंही नाही. मला मिठी मारून म्हणाली, बाबा, अण्णाआजोबांना माझं सगळं तुम्हीच सांगायचं हं आता, फोनवरचं.

माझ्यावर सोपवलं तिने. सौ.वर नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे.

नवा निश्चय: मोजकं बोलायचं. कामापुरतं.

२९ एप्रिल, सकाळ

कन्येचा फोन आला. मीच घेतला. पोचली, खोली बरी आहे, खिडकीतून झाड दिसतं, काल जेवली, अण्णाआजोबांना सांगा की इथेही एक मांजर आहे.

फोन ठेवून हॉलमध्ये आलो. ब्लोअर चालू होता. अण्णांनी माझ्या हातातला फोन बघितला. डबी उघडली, कानात मशीन नीट बसवलं. मग पेपरखाली हात घातला.

बीप. ब्लोअर बंद.

माझ्यासाठी! पहिल्यांदाच. हॉल एकदम शांत झाला. अण्णा खुर्चीत पुढे सरकून, तोंडाकडे टक लावून, वाट बघत बसले. मी त्यांच्यासमोर खाली बसलो, कन्या बसायची तिथेच. घसा खाकरला. मोजकं, कामापुरतं.

म्हटलं, अण्णा, तिचा फोन आला होता. आता मुळात एवढ्या लांबून आवाज इथवर कसा येतो, ते तुम्हाला आधी समजावून सांगतो.

बीप.

अण्णा पेपर वाचू लागले. हॉल छान गार झाला.